पंख्यावरची रुई

सई आणि रोहन, परवा तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, रंगकाम काढलंच आहेस तर तो खिडकीखालचा जुना कॉम्प्युटर भंगारात देऊन टाक." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. त्या डब्याने जागा अडवली आहे, आणि आता तुम्ही मला हातातल्या फोनवरही दिसता. पण तो डबा ज्यांनी बांधला ते जिनिंगचे मिस्त्री गेल्या महिन्यात गेले, आणि तुम्हा दोघांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच डब्यातून. म्हणून भंगारवाल्याला निरोप धाडण्याआधी हे लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा, फक्त डब्याबद्दल त्याचं मत विचारू नका.

आमच्या वणीत आजवर जे जे बिघडलं ते कोळशाने बिघडलं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे आमचे हे मिस्त्री. गावाचे धंदे दोन. एका अंगाला कोळशाच्या खाणी आणि त्यांचे ट्रक, दुसऱ्या अंगाला कापूस. मिस्त्री कापसाच्या बाजूचे. आमच्या घरामागच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधतात त्या कारखान्यात, ते यंत्रांचे मुख्य फिटर होते. पाऊस लांबला तर तो कोळशाच्या धुरामुळे, दूध नासलं तर ते कोळशाच्या उष्णतेमुळे, आणि गावातली पोरं गणितात नापास होत ती रस्त्यावरच्या ट्रकांनी डोकं उठवल्यामुळे. एकदा तुमच्या आजोबांचा गुडघा धरला, तर मिस्त्रींनी गंभीरपणे गुडघ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, फिरायले खाणीच्या रोडनं तं नाही ना जात?" आजोबा दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम त्याच रस्त्याने जाऊ लागले आणि गुडघा बरा झाला. मिस्त्री म्हणाले, "होते कधीकधी असं. कोळसा बी दमते."

या वैराला घरचं कारणही होतं. भाभींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, भाऊ कोळशाचे ट्रक दुरुस्त करायचा. ईदच्या दिवशी तो गळाभेट घ्यायला आला की मिस्त्री आधी त्याचे हात तपासत. एके वर्षी तपासायचं राहून गेलं आणि त्यांच्या नव्या पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर दोन काळे पंजे उमटले. तो कुर्ता त्यांनी धुवू दिला नाही. पुरावा म्हणून खुंटीवर टांगून ठेवला, आणि आलेल्या प्रत्येकाला शीरखुर्म्याच्या आधी तो दाखवला. भाभी मला म्हणाल्या, "बाई, ह्याहिच्या स्वतःच्या दाढीत अर्धी गादी भरन एवढी रुई हाय, ते नाही दिसत. माह्या भावाचे हात तेवढे दिसते." ते मात्र खरं होतं. हंगामात मिस्त्री घरी येत तेव्हा भुवया, कान, पापण्या, सगळ्यांवर रुईचे तंतू असत. खुर्चीवरून उठले की मागे पांढरा ठसा उरे. ते स्वच्छ होते, पण झाडलेले कधीच नसत.

यंत्राचं दुखणं ओळखायची त्यांची एक रीत होती. लांब पेचकसाचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं. जिनिंगमधल्या यंत्रांची एक मोठी ओळ होती आणि तिच्यातल्या प्रत्येकाचा आवाज त्यांना वेगळा ओळखू येई. पण ही रीत त्यांनी जिनिंगपुरती ठेवली नाही. आमचा फ्रिज, भाभींचं शिलाई मशीन, एकदा तर दवाखान्यातला वजनाचा काटा, सगळ्यांना पेचकस लागला. "बाई, मशीन सोताहून कधी बिमार होत नाही," ते म्हणत. "तिले कोणीतरी बिमार करते." कोणी, ते विचारावं लागत नसे.

सई, तू जन्मलीस तेव्हा तिकडे यायचं आमच्याच्याने जमलं नाही. आजोबांच्या हृदयाचं तेव्हा नुकतंच काहीतरी निघालं होतं. बाबा म्हणाला, कॉम्प्युटर घ्या, त्यावर कॅमेरा लावा, दर आठवड्याला बोलू. दुकानातून तयार घ्यायचा बेत मिस्त्रींच्या कानावर गेला आणि ते दुखावल्यासारखे दारात उभे राहिले. "तयार? बाई, तयार तं लोक चड्डी बी घेत नाही. माप द्यावं लागते." त्यांनी तोवर कॉम्प्युटर बांधला नव्हता, पण नागपूरला एकाला बांधताना उभं राहून पाहिलं होतं. "काय असते त्याच्यात? पंखा, पावर, अन् थोडी अक्कल." मग नागपूरहून सुटे भाग आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले. तो बांधून होईपर्यंत आम्ही जमिनीवर पानं घेतली. शेवटी मूठभर स्क्रू उरले. मी शिस्तीने विचारलं, हे कुठले? तर म्हणाले, "कंपनीवाले भितात, म्हून जास्तीचे देते." डब्याची एक बाजू त्यांनी उघडीच ठेवली. "झाकण कायले? रोज पाहाचंच हाय." ती उघडी बाजू नेमकी जिनिंगकडच्या खिडकीला होती. त्या दसऱ्याला जिनिंगमधल्या यंत्रांना हार घालून झाल्यावर मिस्त्री एक हार आमच्याकडे घेऊन आले. झेंडूच्या पाकळ्या आतल्या पंख्यात गेल्या आणि कॉम्प्युटर सबंध दुपार प्रसाद वाटल्यासारख्या पाकळ्या उडवत होता.

आणि मग तो अडकायला लागला. आमच्याकडे शनिवारची सकाळ, तुमच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ, सईच्या जेवणाची वेळ. पडद्यावर तुझी आई चमचा पुढे करायची, तू तोंड उघडायचीस, आणि सगळं थिजायचं. चमचा हवेत, तोंड उघडं. बाण हलायचा नाही, बटणं दाबून काही व्हायचं नाही. बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत तुझं जेवण होऊन तू झोपलेली असायचीस. आजोबा मात्र पडद्यासमोरून उठत नसत. एकदा मी म्हटलं, अहो, ते चित्र आहे आता. तर म्हणाले, "माहीत आहे. चमचा पोचला की उठतो."

मिस्त्रींनी उपचार सुरू केले. "सरका बाई, पेशंटले हवा लागू द्या." आधी पेचकस कानाला. मग आतल्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबराने घासली. मग पंख्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं. मग उघड्या बाजूसमोर टेबलफॅन लावला, त्याने खिडकीतली सगळी हवा डब्यात भरली आणि कॉम्प्युटर आधीपेक्षा लवकर अडकू लागला. प्रत्येक उपचारानंतर तो दोन दिवस नीट चाले, मिस्त्री विजयी मुद्रेने चहा पीत, आणि शनिवारी चमचा पुन्हा हवेत. एकदा त्यांनी आतला पंखाच खोलला. पात्यांवर मऊ, जाड, राखाडी-पांढरा थर होता, अस्तरासारखा उचलून येणारा. मिस्त्रींनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि निकाल दिला.

"कोळसा."

"मिस्त्री, हे पांढरं आहे," मी म्हटलं.

"दिसून राह्यलं पांढरं. मुळात काळंच असते. तुमच्या घरात येता येता धुतलं जाते."

"मग आमच्या घरचं मीठही कोळसाच म्हणा," आजोबा म्हणाले.

"मिठाचं मी काही बोललो नाही साहेब. पण पाहून घ्या एकडाव."

पुढल्या शनिवारी आम्ही उठायच्या आत ते हजर होते आणि खांद्यावर गाठीला गुंडाळतात ते जाड कापड होतं. गाठीत बाहेरचं काही शिरू नये म्हणून ती जशी शिवतात, तसा त्यांनी मोठ्या सुईने आमचा कॉम्प्युटर शिवून टाकला. चारी बाजू, वर, खाली. वर गाठीला मारतात तसा जिनिंगचा निळा शिक्काही मारला. "आता ये बाप्पा, शिरून दाखव म्हणा कोळशाले." डबा सुरू झाला. सई दिसली. मग आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला, कापड गरम झालं, आणि अडकण्याच्या ऐवजी तो सरळ बंदच पडला. मिस्त्रींनी शिवण उसवली, तशी आतून वाफाळत्या भातासारखी ऊब आली. त्यांनी आत हात घालून पाहिला. मग म्हणाले, "कोळसा आत पहिलेच बसून होता. मी त्याले आतच शिवला."

मी सबंध आयुष्य इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. एखादी गोष्ट नियमाने घडत असेल तर ती मला दिसल्याशिवाय राहत नाही. सकाळी जिनिंगचा भोंगा वाजायचा, सगळी ओळ एकदम सुरू व्हायची, आमच्या खोलीतला दिवा क्षणभर मंद व्हायचा, आणि त्याच क्षणी सईचं तोंड उघडं राहायचं. बाजाराच्या दिवशी जिनिंगला सुट्टी असे, त्या दिवशी कॉम्प्युटर अडकत नसे. वीज ओढली जात होती ती तिथे, आणि पंख्यावर बसत होती ती रुईही तिथलीच. हे मी मिस्त्रींना चहा देऊन, नीट समजावून सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

ती कापसाची वाईट वर्षं होती, हे तुम्हाला सांगायला हवं. सकाळी पेपर उघडायची भीती वाटे. कधीकाळी जिनिंगच्या फाटकापासून आमच्या घरावरून थेट चौकापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागे. ती रांग दर हंगामाला आखूड होत होती. लोक सोयाबीनकडे वळले होते. जिनिंगचा मालक बंद करायची भाषा बोलायला लागला होता, आणि मिस्त्री दर वर्षी त्याच्यापुढे उभे राहून सांगत की एक हंगाम काढा, पुढच्या साली कापूस येते.

"बाई," ते हळू म्हणाले, "त्या जिनिंगवर पहिलेच समदे टपून बसले हायेत. मालक म्हणते परवडत नाही, शेतकरी म्हणते भाव नाही, आजूबाजूचे म्हणते आवाज होते. आता तुम्ही बी म्हणा, तिच्यापायी नातीचं तोंड दिसत नाही म्हून."

ते उठले. खुर्चीवर पांढरा ठसा तसाच राहिला. काही आठवडे ते आले नाहीत. भाभी येऊन सांगून गेल्या, "रुसले हायेत. मले म्हणे, बाईच्या घरच्या दिव्यालेच कोळसा लागला."

मग एका शनिवारी भोंगा झाला आणि दिवा मंद झाला नाही. मी खिडकीशी गेले. जिनिंगमध्ये एकच यंत्र सुरू झालं होतं. थोड्या वेळाने दुसरं. मग थांबून तिसरं. ओळीतलं एकेक यंत्र असं सुरू होत होतं, जणू पंगतीत कुणी एकेकाला वाढत चाललं आहे. पडद्यावर चमचा पोचला, सईने तो घास तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी मिस्त्री स्वतः चहाला आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रोलर गरम होते एकदम चालू केलं तं. म्हून एकेक चालू करून राह्यलो. तुमच्या डब्याचा काही संबंध नाही." मग ब्रश काढून पंखा झाडला, चिमटीतल्या रुईकडे एकदा पाहिलं, आणि खिशात घातली. त्या दिवशी त्यांनी कोळशाचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर सुधारत गेला. त्या हंगामात अधूनमधून अडके, पुढच्या हंगामात क्वचित. रोहन, तू जन्मलास तोवर तर तो जवळपास शहाणा झाला होता. मिस्त्री गावभर सांगत की एकदा आमच्या हातून मशीन सुधरलं का सुधरलं. लोक त्यांना आपापले कॉम्प्युटर दाखवायला नेत, आणि ते पेचकस कानाला लावून तिथेही निदान करत. मलाही बरं वाटे. पण मी खिडकीशी उभी राहत असे आणि मला ऐकू येई. आधी सगळी ओळ सुरू व्हायची. मग अर्धी. मग दोनच यंत्रं. मिस्त्री अजूनही ती एकेक करूनच सुरू करत होते, पण आता एकेक करायला फारशी उरली नव्हती.

हंगामाच्या पहिल्या दिवशी जिनिंगमध्ये वजनकाट्याची पूजा होई. नारळ फुटायचा, पहिल्या गाडीवाल्याला टोपी घालायचे, आणि मिस्त्री आम्हाला खोबरं आणून देत. मग एका वर्षी खोबरं आलं नाही. शनिवार आला, भोंगा झाला नाही. मिस्त्री मात्र आले, आंघोळ करून, दाढी विंचरून. अंगावर रुईचा एक तंतू नव्हता. मला ते क्षणभर ओळखूच आले नाहीत.

त्या सकाळी कॉम्प्युटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही अडकला नाही. सईने कविता म्हणून दाखवली, रोहन रांगत कॅमेऱ्यापर्यंत आला आणि त्याने तो चाटला. आजोबा इतके खूश झाले की म्हणाले, "मिस्त्री, जिंकलात! शेवटी बरा केलात याला." मिस्त्री पडद्याकडे पाहत होते. तुम्ही हात हलवलेत, त्यांनीही हलवला. पडदा बंद झाल्यावर खोलीत फक्त त्या लहान पंख्याचा आवाज उरला.

"बाई, तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "तिच्यानंच होत होतं."

मी म्हटलं, "मिस्त्री, अडकला असता तरी मला चाललं असतं."

"मले बी," ते म्हणाले.

मग ते उठले आणि डब्याची बाजू, जी त्यांनी कधीच लावली नव्हती, ती कपाटावरून काढली. पंख्यावर मागच्या हंगामाचा पातळ थर होता. मी सवयीने ब्रश पुढे केला. "राहू द्या. एवढ्यानं काही होत नाही," असं म्हणून त्यांनी झाकण बसवलं, आणि उरलेले सगळे स्क्रू खिशातून काढून एकेक करून घट्ट पिळले. इतकी वर्षं ते त्यांनी जवळ ठेवले होते. एकही जास्तीचा निघाला नाही.

पुढे ते कुणाकडे कामाला लागले असतील हे तुम्ही ओळखलं असेल. भाभींच्या भावाकडे. कोळशाच्या ट्रकांखाली पाठीवर झोपून काम करायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी आमच्या फाटकाबाहेरच उभे राहिले, आत येईनात. हात, तोंड, दाढी, सगळं काळं. "आतनी येत नाही बाई. खुर्ची खराब होईन." आजोबांनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या पाठीवर मग काळा ठसा उमटला. मिस्त्रींनी मागे वळून तो पाहिला आणि हसले. "साहेब, आता माह्या कुर्त्याचा पुरावा कोणाले दाखवू?" तो कुर्ता भाभींनी त्याच महिन्यात धुऊन टाकला. कोळशाविरुद्ध मिस्त्री नंतर एक शब्द बोलले नाहीत. पाऊस लांबला तर नुसतेच आभाळाकडे पाहत.

शनिवारी मात्र ते चुकवत नसत. दारातून पहिला प्रश्न एकच, "अटकला का?" मी सांगायची, नाही. ते मान हलवून बसत. एका शनिवारी तुम्ही दोघं बोलता बोलता खरोखरच थिजलात. सईचा हात वर, रोहनचं तोंड उघडं. मिस्त्री ताडकन उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. ते ऐकत होते. बाहेर रिकाम्या आवारात कावळे ओरडत होते, बाकी काही नव्हतं. मग फोन आला, तुमच्याकडचंच नेट गेलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते थोडा वेळ खिडकीशीच थांबले. "वाटलंच मले," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

आजोबा गेले तेव्हा मिस्त्री तेरा दिवस रोज सकाळी येऊन त्यांच्या खुर्चीशेजारी बसत. आता तेही गेले. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं. भाभी म्हणाल्या, पेचकस उशाशी होता.

जिनिंगच्या जागेवर आता प्लॉट पाडले आहेत. यंत्रं भंगारात गेली, भोंगाही गेला. चौकापर्यंत रांग लागायची हे आज तिथे उभं राहून कुणाला सांगितलं तर पटणार नाही. काल मी कॉम्प्युटर लावून पाहिला. सुरू व्हायला वेळ लागतो, पण होतो. भंगारवाल्याला मी नको म्हणून कळवलं आहे, आणि रंगाऱ्याला सांगितलं आहे की तो हलवताना झाकण उघडायचं नाही. आतल्या पंख्यावर त्या जिनिंगची शेवटच्या हंगामातली रुई अजून आहे.